बोलक्या पाटीची दुरुस्ती

४ मार्च

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र बघून दचकशील. तुझा नवा पत्ता तुझ्या मावशीकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस, मीच फार मागे लागले. तुझी आणि आमच्या मुलाची फारकत झाली त्याला वर्ष होऊन गेलं, आणि तेवढ्या काळात मी तुला एकदाही छेडलं नाही. आज लिहायला बसले, कारण तू कॉम्प्युटरवर बनवून दिलेली ह्यांची बोलकी पाटी बंद पडली.

काल सकाळी कॉम्प्युटर लावला तर निळा पडदा, त्यावर गोल फिरणारे ठिपके आणि 'बंद करू नका' अशी सूचना. आम्ही कशाला बंद करतोय! ह्यांची अंघोळ झाली, माझा स्वयंपाक होत आला, तरी ठिपके आपले फिरताहेत. मग तो आपला आपणच बंद झाला, आपणच सुरू झाला, आणि समोर आलं ते भलतंच. मागचं मोटारीचं चित्र नाही, तू मोठी करून ठेवलेली अक्षरं नाहीत, आणि पाटी तर कुठेच नाही. ह्यांनी सवयीने डाव्या हाताचं बोट पुढे केलं आणि 'पाणी'चा चौकोन असतो तिथे दाबलं. काही नाही. परत दाबलं. मग माझ्याकडे बघितलं. झटका येऊन वाचा गेली, त्या दिवशी दवाखान्यात असंच बघितलं होतं.

आमच्या चिरंजिवांनीच मागे कधीतरी अपडेट आपोआप होतील असं करून ठेवलं होतं. नाहीतर व्हायरस शिरतो म्हणे. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. आता तो म्हणतो, मशीन जुनं झालंय, येत्या रविवारी नाही तर त्याच्या पुढच्या रविवारी दुकानातला माणूस येईल आणि सगळं पुसून नव्याने भरून देईल. 'सगळं पुसून' हे शब्द ऐकले आणि मी कागद-पेन शोधलं.

फोन केला असता, पण फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि ऐकू आलेलं निम्मं मी विसरते. तू कागदावर लिहून दे. मशीनशेजारी ठेवून एकेक करीन.

पोरी, पुसू द्यायचं का?

आशीर्वादांसह,
आई

&nbsp;

८ मार्च

ती. आईंना नमस्कार.

नाही. पुसू देऊ नका. दुकानातला माणूस दारात उभा असेल तर त्याला आधी चहा द्या आणि मग परत पाठवा. बाकीचं पत्र त्यानंतर वाचा.

तुम्ही लिहिलंत त्यावरून माझा अंदाज असा. अपडेट अर्धवट झालं आणि मशीनला बाबांचं खातं उघडता आलं नाही, म्हणून त्याने तुम्हाला एका तात्पुरत्या, कोऱ्या खात्यात नेऊन बसवलं. म्हणजे घर तेच, कपाटंही तीच, फक्त तुम्हाला पाहुण्यांच्या खोलीत ठेवलंय. तिथे तुमचं सामान दिसणार कसं? ते बहुतेक जागच्या जागी असेल.

आधी मागची इंटरनेटची वायर काढून ठेवा, म्हणजे आणखी काही आपोआप व्हायला नको. मग मशीन पूर्ण बंद करून पुन्हा लावा. कधीकधी तेवढ्यानेच ताळ्यावर येतं. नाही आलं, तर पिवळ्या फोल्डरच्या खुणेवर दोनदा क्लिक करा, सी ड्राइव्ह उघडा आणि त्यात 'यूझर्स' नावाचा फोल्डर बघा. आत कोणकोणती नावं आहेत ती जशीच्या तशी लिहून कळवा. काही हलवू नका, काही पुसू नका, आणि स्क्रीनवर कुणी 'हो की नाही' विचारलं तर तूर्त 'नाही'.

पाटी बोलेपर्यंत बाबांना गप्प बसवू नका. मोठा पुठ्ठा घ्या, त्यावर पाटीसारखेच चौकोन त्याच क्रमाने आखा, बोट ठेवतील तसं तुम्ही मोठ्याने वाचा. त्यांच्या हाताला जागा पाठ आहेत.

पाटी बनवली तेव्हा त्यातला तयार आवाज मराठीचे लचके तोडायचा, म्हणून मी एकेक चौकोन माझ्या आवाजात भरला होता. आता तयार आवाज बरे मिळतात. मी निघताना सांगितलं होतं तसं तुम्ही एव्हाना बदलून घेतलं असेल. तसं असेल तर माझ्या आवाजाच्या जुन्या फाइली गेल्या तरी बिघडत नाही, नुसती मांडणी परत मिळवू.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते, वाईट वाटून घेऊ नका. मदत मी मनापासून करीन, पण ती बाबांसाठी. यातून तुटलेलं काही जुळेल अशी कुणाची आशा असेल तर ती ठेवू नका.

तुमची,
मी

&nbsp;

१६ मार्च

चि. पोरीस आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी हातात पडलं. पहिलं वाक्य वाचलं आणि खुर्चीत बसले. दुकानातला माणूस आला नाही, त्यामुळे चहा वाचला.

पुठ्ठा केला. ह्यांना जमतंय, पण पुठ्ठ्याला हाक मारता येत नाही ना. मी स्वयंपाकघरात असले की हे चमच्याने ताटली वाजवतात. काय हवंय ते बघायला मी पळत येते, तर म्हणायचं असतं की पंखा हळू कर. दिवसभर माझी धावपळ आणि ह्यांची चिडचिड.

आता तुझ्या प्रश्नांचं. वायर काढली. बंद करून लावलं, पाहुण्यांचीच खोली. 'यूझर्स'मध्ये नावं आहेत ती अशी: 'बाबा', 'पब्लिक' आणि 'टेम्प'. तू म्हणालीस तसं कशालाही हात लावलेला नाही.

आणि तयार आवाजाचं. तो ठेवलाच नाही, पोरी. तू गेल्यावर एकदा लावून बघितला होता. कुणी बातम्या देतंय असं वाटायचं. ह्यांनी तोंड फिरवलं आणि तो काढून पुन्हा पहिल्यासारखं करेपर्यंत एकही चौकोन दाबला नाही. म्हणजे तू या घरातून गेलीस, तरी रोज दिवसातून पन्नासदा 'मला पाणी हवंय' म्हणतेस, 'उशी सरकवा' म्हणतेस, आणि माझी मालिका लागली की 'आवाज कमी करा' हेही तूच म्हणतेस. पहिल्या पत्रात हे लिहिलं नाही, कारण तुला वाटलं असतं की मी बांधून ठेवायला बघतेय.

तुझ्या स्पष्ट लिहिण्याचं वाईट वाटलं नाही. कागदावर सह्या तुम्ही दोघांनी केल्यात, माझी कुणी मागितली नाही, पण मी ते मानलं आहे. मला फक्त ह्यांचं बोलणं परत हवंय. ते तुझ्या आवाजात आहे याला माझा इलाज नाही.

आई

&nbsp;

२१ मार्च

ती. आईंना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी कामावर उशिराच गेले. आमच्या कारखान्यात चष्म्याच्या काचा घासताना डोळे कोरडे लागतात.

मला वाटत होतं, त्या घरातून मी केव्हाच पुसली गेले असेन. बाबा मात्र रोज माझ्या तोंडून बोलत होते. बाबांनीच मला गाडी शिकवली. त्यांच्या ड्रायव्हिंग क्लासात बाकीच्यांना शिकवायचे तसं नाही, जीव ओतून. एकटीने नव्या गावी येऊन मी काम धरू शकले ते त्या शिकवणीच्या जोरावर. आणि तुम्ही? मी जुने कॉम्प्युटर उघडून बसायचे आणि तुमच्या वाट्यांमध्ये स्क्रू ठेवायचे, तर तुम्ही माझ्यासाठी वेगळ्या वाट्या काढून दिल्यात. हे मी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आता काम. 'टेम्प' आहे, म्हणजे अंदाज बरोबर. 'बाबा' आहे, म्हणजे सामान शाबूत असणार. त्यात 'पाटी' नावाचा फोल्डर असेल. सगळ्यात आधी तो पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, आणि पेन ड्राइव्ह मशीनमधून काढून कपाटात ठेवा. हे झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग सेटिंगमध्ये जाऊन नवीन खातं उघडा, नाव 'बाबा२' द्या. मशीन बंद करून त्या नव्या खात्यात शिरा, पेन ड्राइव्हवरचा फोल्डर तिथे उतरवा आणि पाटी सुरू करा. ती विचारेल, चौकोन कुठे आहेत? तिला तो फोल्डर दाखवा.

सोबत वेगळ्या कागदावर प्रत्येक क्लिक लिहिली आहे. कुठे काय दिसेल त्याची चित्रंही काढली आहेत. चित्रकला माझी तुम्हाला माहीत आहे, माउस उंदरासारखा दिसला तर समजून घ्या.

घाई करू नका. एका दिवशी एवढंच करा की पेन ड्राइव्ह भरला.

तुमची,
मी

&nbsp;

२ एप्रिल

चि. पोरीस खूप खूप आशीर्वाद.

पाटी बोलली!

पहिला दिवस नुसता पेन ड्राइव्हमध्ये गेला. 'बाबा' उघडायला गेलो तर म्हणालं परवानगी नाही. मग फोल्डरची मालकी बदलून घेतली आणि पुढे सरकलो. दुसऱ्या दिवशी नवीन खातं उघडलं. पाटीने विचारलं चौकोन कुठे, तिला फोल्डर दाखवला, आणि एकेक करून सगळे चौकोन उगवले. पाणी, चहा, पंखा, खिडकी, सगळे आपापल्या जागी.

हे खुर्चीत पुढे सरकले. मला वाटलं, आधी काय मागतील? ह्यांनी काही मागितलंच नाही. वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि एकेक चौकोन दाबत गेले. 'मला पाणी हवंय.' 'मला खिडकीपाशी बसायचंय.' 'पाय दुखतोय.' 'डॉक्टरांना बोलवा.' बऱ्याच दिवसांनी घरी आलेला माणूस सगळ्यांना भेटत फिरतो ना, तसं. मी पदर तोंडाला लावून उभी. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि 'पुरे आता' दाबलं.

पोरी, तुझे आभार मानायला बसले तर पत्र संपायचं नाही. रोज सकाळी पाटीवर 'पाणी' ऐकलं की मनातल्या मनात तुला नमस्कार करते. मोठ्यांनी लहानांना करू नये म्हणतात. पण बघायला कोण येतंय!

आता सांग, हे परत होऊ नये म्हणून काय करू? इंटरनेटची वायर कायमची कापून टाकू का?

आई

&nbsp;

८ एप्रिल

ती. आईंना नमस्कार.

तुमचं पत्र मी कारखान्यात सगळ्यांना वाचून दाखवलं. 'पुरे आता'ला टाळ्या पडल्या.

वायर कापू नका. अपडेट मुळात वाईट नाहीत. त्यातली बरीचशी खिडकीच्या तुटक्या कड्या दुरुस्त करायला येतात. पण सुतार आपण घरी असताना यावा, आपण म्हणू त्या खिडकीला हात लावावा, आणि जाताना सांगून जावं. बाबांच्या शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक असायचा, आठवतो? गाडी शिकणाराच चालवायचा, तरी तो ब्रेक बाबांनी कधी सोडला नाही. मशीनलाही तसाच ठेवायचा. सेटिंगमध्ये जाऊन अपडेट थांबवून ठेवा. थांबवण्याची मुदत संपते, तेव्हा संपायच्या आत तुम्हीच बसा. आधी पाटी पेन ड्राइव्हवर उतरवा. मग काय काय आलंय ते वाचा. सुरक्षेचं असेल ते घ्या, नुसता रंगरंगोटीचा भाग असेल तर राहू द्या. हे काम सकाळी करा, आणि झाल्यावर पाटीचे दोन-चार चौकोन दाबून बघा. बिघडलंच तर दिवस हातात असतो आणि पुठ्ठा तर आहेच.

आता एक विचारते. फोल्डरची मालकी बदलायची असते हे मी लिहायला विसरले होते. तुमचं पत्र वाचताना ते लक्षात आलं. मी न सांगितलेली गोष्ट तुम्ही केलीत, आणि 'गेलो', 'सरकलो' असं लिहिलंत. मशीनपाशी तुमच्याबरोबर कोण होतं? मला वाटतं मला माहीत आहे. मी रागावलेली नाही.

मीही एक गोष्ट सांगितली नव्हती. पुढच्या महिन्यात माझा पत्ता बदलतोय. मी लग्न करतेय. ते आमच्याच कारखान्यात फ्रेम बसवण्याचं काम करतात. शांत माणूस आहे, पण माझ्याशी बोलतो. पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. पण तुमचं पत्र आलं आणि वाटलं, हे कळल्यावर तुम्ही पुन्हा काही विचारायला संकोच कराल.

आता तुमच्या मुलालाच एक विचारा. रोज त्याच्या कानावर माझा आवाज पडतो हे मला माहीतच नव्हतं. त्याला जड जात असेल तर सगळे चौकोन तुमच्या आवाजात भरू या. कसं भरायचं ते मी लिहून पाठवीन. बाबा तुमचा आवाज नाकारणार नाहीत.

तुमची,
मी

&nbsp;

२० एप्रिल

चि. पोरीस आशीर्वाद.

पकडलंस. तोच होता.

पहिल्या वेळी तुझं पत्र पोस्टमनकडून त्यानेच घेतलं. पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि माझ्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी दुकानातला माणूस आला होता, पोरी. त्याला दारातूनच परत पाठवलं ते मी नाही, मुलाने. मी तुला 'आला नाही' लिहिलं, कारण त्यानेच सांगितलं होतं, माझं नाव काढू नकोस, तिला अवघड होईल. नंतर तुझे कागद समोर ठेवून तो ओळीओळीने करत गेला. परवानगीपाशी अडला तेव्हा ऑफिसातल्या कुणालातरी विचारून आला. तुझा उंदीर बघून मात्र हसला.

तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. लग्नाचं ऐकून म्हणाला, 'छान झालं.' मनापासून म्हणाला, आईला कळतं ते. मग मी आवाजाचं विचारलं. त्याने ह्यांची उशी सरकवली. मग म्हणाला, "पहिले काही महिने त्रास झाला. आता नाही होत. तो आवाज तिचा राहिला नाही आई, तो बाबांचा आहे. त्याला हात लावू नका."

तेव्हा तो विषय संपला. राहिलं तुझं लग्न. मी काय म्हणू? तू आमच्या घरात कमी बोलायला लागली होतीस ते मी बघत होते. तुझ्याशी बोलणारा माणूस तुला मिळाला, तर माझ्यासारखी निवांत झोप आज कुणाला लागणार नाही. दोघांना भरभरून आशीर्वाद. त्यांना सांग, चष्मा लागला तर मी त्यांच्याकडूनच करून घेणार.

काल मी स्वतःच्या हाताने पहिलं अपडेट केलं. पेन ड्राइव्ह भरला, यादी वाचली, दोन सुरक्षेची घेतली, एक रंगरंगोटीचं होतं ते तसंच ठेवलं. ठिपके फिरायला लागले तशी मी पुठ्ठा जवळ ओढून ठेवला. हे शेजारी बसले होते. शिकवताना बसायचे तसे, पाय ब्रेकवर असल्यासारखा पुढे घेऊन. पाटी उघडली, बोलली. ह्यांनी मान डोलावली. गाडी शिकले होते तेव्हाही मला एवढी मान डोलावली नव्हती.

आता ह्यांच्या मागण्या. तू भरलेले चौकोन सगळे आजारी माणसाचे आहेत, आणि ह्यांना आता भांडायचंय. पुठ्ठ्यावर अक्षरं आखून एकेक शब्द ह्यांच्याकडून काढून घेतला. हवेत ते असे: 'तुझंच खरं', 'साखर घाल, डॉक्टर बघत नाहीये', 'हा माणूस कधी जाणार?' आणि 'क्लच सोडा, क्लच!' हा शेवटचा कशासाठी, मला विचारू नकोस.

आणखी एक. तुझं पत्र आलं का, असं ह्यांना रोज विचारायचं असतं, पण तुला काय म्हणायचं त्याचा चौकोनच नाही. पाटी बनवलीस तेव्हा तू समोरच असायचीस, लागला नसेल. मी म्हटलं, नाव घालू? नको. पोरगी? मान हलवली. अक्षरांवर फिरून हात दमला होता, म्हणून शेवटी खिडकीतून खालच्या गॅरेजकडे बोट केलं. मला उशिरा कळलं. आपल्या गाडीच्या इंजिनाला ह्यांनी उभ्या आयुष्यात तिथल्या एकाच माणसाला हात लावू दिला, आणि त्याला ते नावाने नाही, 'मिस्त्री' म्हणून हाक मारायचे. तुला तेच म्हणायचंय.

जमलं तर भरून पाठव.

आई

&nbsp;

३ मे

ती. आईंना नमस्कार.

पेन ड्राइव्ह सोबत आहे. फ्रिजची घरघर रेकॉर्डमध्ये येत होती म्हणून आमच्या ह्यांनी तो बंद केला, आणि परत लावायला दोघंही विसरलो. दूध नासलं, पण आवाज स्वच्छ आलाय.

'तुझंच खरं' तुमच्या कानाला लागेल असा म्हटलाय, माफ करा. बाबांच्या बाजूने बोलायचं म्हटलं की असं होतं.

शेवटचा शब्द जमेना. पहिल्यांदा हसू आलं. नंतर आवाज बातम्या दिल्यासारखा आला. स्वतःला हाक मारायची ती कशी मारतात? मग डोळे मिटले आणि बाबा बॉनेट उघडून उभे आहेत, हात काळे झालेत, आणि रस्त्यापलीकडे हाक मारताहेत असं डोळ्यांपुढे आणलं. तशीच हाक मारलीय. दचकू नका.

तुमच्या मुलाला माझे आभार सांगा. अवघड नाही वाटलं, असंही सांगा.

तुमची,
मी

&nbsp;

१० मे

चि. पोरीस आशीर्वाद.

आज सकाळी नवे चौकोन भरले. मीच भरले, कुणी मदतीला नव्हतं. ह्यांनी बाकीच्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही, सरळ शेवटचा दाबला.

"ओ मिस्त्री!"

खिडकी उघडी होती. खाली गॅरेजमध्ये हातोडा चालला होता तो थांबला. आणि बघते तर खरा मिस्त्री फडक्याला हात पुसत जिना चढून दारात हजर. म्हणाला, "काय झालं काका? गाडी काढायची का?"

ह्यांनी त्याच्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, आणि हसले. आवाज करून हसले, पोरी. खांदे हलवत, खो खो करून, पूर्वी हसायचे तसे. झटका आल्यापासून ह्यांच्या गळ्यातून काही निघालेलं मी ऐकलं नव्हतं. हा आवाज पाटीचा नव्हता, ह्यांचाच होता. मिस्त्रीला काही कळेना, पण तोही हसायला लागला. मुलगा दाढी अर्धी टाकून बाहेर आला आणि तसाच भिंतीला टेकून उभा राहिला.

मिस्त्रीला चहा दिला. हे अजून मधूनच हसताहेत. तुला आधी कळवावं म्हणून कप तसेच ठेवून लिहायला बसले.

आई